डब्याचं वजन

१

फोल्डर जागेवर होतं, आत काहीच नव्हतं.

वॉर्डातल्या बारा पंपांनी वर्षभरात कोणत्या रुग्णाला कोणतं औषध किती दिलं, याची सेकंदासेकंदाची नोंद त्या फोल्डरमध्ये असायला हवी होती. मी तीनदा उघडून पाहिलं. रिकामं फोल्डर पुन्हा पुन्हा उघडल्याने भरत नाही, हे मला एकतीस वर्षं कॉम्प्युटर शिकवूनही कळलेलं नाही.

"आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय होतो?" संचालकबाईंनी विचारलं. त्यांचा स्वर असा होता, की अर्थ त्यांना आधीच लागलेला होता.

झालं होतं ते असं. मंगळवारी दुपारी याच वॉर्डात सुतारकाका गेले. वय अडुसष्ट, हृदयाचे ठोके आवरायला त्यांना पंपातून औषध चालू होतं. रक्त तपासलं तर औषध दहापट निघालं. पंपात आकडा घातला होता सिस्टरने. आपण तो बरोबरच घातला होता, असं सिस्टरचं म्हणणं. नोंद पाहिली असती तर सोक्षमोक्ष लागला असता. चौकशी समितीने ती बुधवारी दुपारी बारापर्यंत द्यायला सांगितली होती. बुधवारी अकराला सिस्टरने नोंदीच्या मशीनचं बटण दाबून ते बंद केलं, परत चालू केलं, आणि नोंद गायब.

"उद्या अकराला समिती बसतेय," बाई म्हणाल्या. "तोपर्यंत दुसरं काही निघालं नाही, तर कागद पोलिसांकडे जातील. तिला दोन मुलं आहेत, हे मलाही माहीत आहे. पण माझा इलाज नाही."

मी निवृत्त माणूस. नळ गळला की लोक प्लंबरला बोलावतात, माहिती हरवली की मला. यावेळी मात्र माहितीबरोबर एक बाईमाणूसही हरवायच्या बेतात होतं, आणि माझ्याकडे एक दिवस होता.

२

सिस्टर लिनन ठेवायच्या खोलीत बसली होती. कामावरून तिला उठवलं होतं, पण घरी जायला सांगितलं नव्हतं. ती चादरींच्या घड्या घालत होती. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालत होती.

"बटण तुम्ही दाबलंत?"

"दाबलं की. मशीनचा पडदा अडकला होता. पंपवाल्याला फोन केला, तो म्हणाला बंद करून चालू करा. तो दुसरं काय सांगतो कधी?"

"पंडितला का नाही विचारलंत?" पंडित म्हणजे इस्पितळाची सगळी मशीनं सांभाळणारा. माझाच जुना विद्यार्थी. वर्गात सगळं आधी पाठ करून यायचा, म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं.

"तो जागेवर नव्हता. आणि सर, मी पुसलं असतं तर बटण दाबून कशाला पुसलं असतं? मला तर फाइल कशाशी खातात तेही माहीत नाही."

मला ते पटलं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे.

"बटण दाबल्यावर काय दिसलं?"

"काळा पडदा. बराच वेळ. एरवी अर्ध्या मिनिटात येतो. काल मी जाऊन सात नंबरची बाटली बदलून आले, त्यांना कूस बदलून दिली, तरी काळाच. मला वाटलं, बिघडवलंच आपण." तिने चादर मांडीवर ठेवली. "मुलांना अजून काही सांगितलं नाही. थोरली विचारते, आई तू सुट्टी का घेत नाहीस, एवढी दमलेली दिसतेस."

मी वहीत लिहिलं: काळा पडदा, तीन-चार मिनिटं. त्या वेळी मला त्याचं महत्त्व कळलं होतं असं सांगणं बरं दिसलं असतं. कळलं नव्हतं.

३

मशीनची खोली जिन्याखाली होती, माझ्यासारख्या उंच माणसाला डोकं सांभाळून उभं राहावं लागेल अशी. पंडित पुढे झाला, पाया पडला. मी म्हणालो, "अरे, राहू दे." त्याचे डोळे सुजले होते. वॉर्डातला मृत्यू सगळ्यांनाच लागतो, असं मी मनाशी म्हटलं.

पंप पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनियरही आलेला होता. सगळे त्याला पंपवालाच म्हणत. "काका, मी काहीही पुसलेलं नाही," त्याने न विचारताच सांगून टाकलं. मला काका म्हणायची मी कोणाला परवानगी दिलेली नव्हती.

"पासवर्ड तुमच्याकडे आहे?"

"माझ्याकडे आहे, पंडितकडे आहे. तिसऱ्या कोणाकडे नाही. पण काका, फोल्डरवर पहारा आहे. कोणी काही पुसलं की नावासकट खबर दुसऱ्या मशीनवर जाते. ती बघा ना. कोरी!"

खबर खरंच कोरी होती. पहारा जागा असताना कोणी काही पुसलेलं नव्हतं.

मग मी फोल्डरची स्वतःची वेळ पाहिली. आतलं काही बदललं की फोल्डरवर वेळ उमटते. बुधवार, अकरा वाजून चार मिनिटं नऊ सेकंद. त्यानंतर मशीनची रोजनिशी उघडली. बटण दाबल्यावर यंत्रणा पूर्ण जागी होऊन रोजनिशी लिहू लागली, ती वेळ होती अकरा वाजून चार मिनिटं सोळा सेकंद.

"म्हणजे?" पंपवाल्याने मान पुढे काढली.

"म्हणजे नोंद पुसली गेली, त्यानंतर सात सेकंदांनी यंत्रणा जागी झाली. तेव्हा पहारा नव्हता, कीबोर्ड नव्हता, पासवर्डही नव्हता."

"मग पुसलं कोणी? भुताने?"

पंडित जमिनीवरची एक वायर बोटाला गुंडाळत होता.

४

भूत नव्हतं, डबा होता. हे जरा समजावून सांगायला हवं. मास्तरकी अंगातून जात नाही.

मशीन चालू झालं की पहिल्यांदा उठतो तो कर्नेल, यंत्रणेचा गाभा. पण उठल्याउठल्या त्याला आपली डिस्क कुठे आहे, ती कशी उघडायची, हेही ठाऊक नसतं. म्हणून त्याच्याबरोबर प्रवासाला निघाल्यासारखा एक डबा देतात. त्याला म्हणतात रॅमडिस्क. मेमरीतलीच तात्पुरती छोटी डिस्क, तिच्यात किल्ल्या आणि हत्यारं. कर्नेल डबा उघडतो, खरी डिस्क शोधतो, कारभार मोठ्या यंत्रणेच्या हाती देतो आणि डबा फेकून देतो. मधली ती काही सेकंदं सगळं राज्य डब्याचं. त्यात कोणी चार ओळी लिहून ठेवल्या, तर त्या निमूट पाळल्या जातात आणि कुठे नोंदही राहत नाही.

म्हणजे हे काम आधीच पेरून ठेवलेलं होतं. सिस्टरने फक्त बटण दाबलं. ते कोणीही दाबलं असतं तरी तेच झालं असतं.

"डबा बघू या," मी म्हणालो.

पंडितने फाइल दाखवली. चोवीस एमबी, दोन वर्षांपूर्वीची तारीख. तारखेवर मी विश्वास ठेवत नाही; ती मागे कशी न्यायची हे मीच वर्गात शिकवायचो. म्हणून कपाटातल्या मूळ प्रतीशी बाइट न् बाइट ताडून पाहिली. जुळली.

"पण डबा द्यायच्या रीती अनेक आहेत ना, काका?" पंपवाल्याला आता रंग चढला होता. "कर्नेलच्या अस्तरातच शिवला असेल तर?"

तेही खरं होतं. डबा हातात देता येतो, किंवा कर्नेल बनवतानाच त्याच्या पोटात शिवता येतो. मी कर्नेलही मूळ प्रतीशी ताडला. तोही तंतोतंत जुळला. मशीन चालू करताना कोणता कर्नेल आणि कोणता डबा घ्यायचा, हे ज्या यादीत लिहिलेलं असतं ती यादी उघडली. एक कर्नेल, एक डबा. सगळं धुतल्या तांदळासारखं.

दुपारचे चार वाजले होते. संचालकबाईंचा शिपाई दोनदा डोकावून गेला.

मग माझं मलाच हसू आलं. मी आजचा डबा तपासत बसलो होतो. चोरी बुधवारची होती.

उठताना कर्नेल स्वतःशी पुटपुटत असतो. रोजनिशी सुरू झाली की ते आधीचं पुटपुटणंही तीत उतरतं. शेकडो ओळी असतात, जन्मात कोणी वाचत नाही. मी बुधवारच्या वाचत गेलो आणि एका ओळीवर थांबलो. रॅमडिस्क फेकून दिल्यावर कर्नेल किती जागा मोकळी झाली ते सांगतो. बुधवारी मोकळी झाली होती एकतीस एमबी.

डबा चोवीसचा, आणि रिकामा करून फेकला तो एकतीसचा.

५

"सात एमबी जास्तीचे आले कुठून?" घरी पोचल्यावर मी बायकोला विचारलं. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, असं ती म्हणते. माझ्याबरोबर चौतीस वर्षं काढल्यावर ते अशक्य आहे.

"अस्तरातून," ती म्हणाली.

"नाही. अस्तरातल्या डब्याची जागा कर्नेलच्या स्वतःच्या पसाऱ्याबरोबर मोकळी होते, ती या ओळीत धरत नाहीत. हातात दिलेल्या डब्यांचंच वजन इथे येतं."

"डब्यांचं? एकाहून जास्त देता येतात?"

"हवे तेवढे. यादीत एकापुढे एक नावं लिहायची. कर्नेल ते क्रमाने उघडून एकाच टेबलावर मांडतो. दुसऱ्यात पहिल्याच्याच नावाची वस्तू असली तर नंतरची खरी, आधीची गेली. बुधवारी यादीत दोन नावं होती. काम झाल्यावर कोणीतरी दुसरं खोडलं आणि तो डबाही मोडून टाकला."

"मग पासवर्डवाल्या दोघांपैकी एक."

"हो. आणि पंपवाल्यानेच तिला बटण दाबायला सांगितलं. त्याच्या कंपनीचा पंप दहापट धावला असेल, तर पहिली गोत्यात येणार ती कंपनी."

बायको कपडे वाळत घालत होती. तिने एक शर्ट झटकला.

"मला एक सांग. नोंद पुसायला किती लिहावं लागतं?"

"एक ओळ."

"मग सात एमबी कशाला? रद्दी टाकायला जाणारा माणूस एवढी मोठी पिशवी घेऊन जातो का?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. पुसायला एक ओळ आणि एक क्षण पुरतो. सिस्टरसमोरचा पडदा तीन-चार मिनिटं काळा होता. एवढा वेळ लागतो आणि एवढी हत्यारं लागतात ती दुसऱ्याच कामाला. नोंद आवळून बांधायची, उचलून दुसरीकडे ठेवायची, ठेवलेली प्रत मूळ नोंदीशी ताडायची, आणि मग पुसायची.

चोराने पुसण्याआधी प्रत काढली होती.

दुपारी चहा घेताना पंपवाला हसत हसत सांगत होता, की गेल्या महिन्यात त्याचा लॅपटॉप बसला आणि लग्नाचे सगळे फोटो गेले. एकही प्रत नव्हती. त्या माणसाला प्रत काढायचं सुचलं असतं तर आधी बायकोचे रुसवे वाचले असते.

"काय झालं?" बायकोने विचारलं. "चेहरा का उतरला?"

एकतीस वर्षांत मी शेकडो मुलांना एक वाक्य घोकायला लावलं. शत्रूची माहिती असली तरी आधी प्रत, मग पडताळणी, मगच पुसणं. बहुतेक जण परीक्षेनंतर विसरले. एक विसरला नसावा. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

६

शुक्रवारी सकाळी नऊला मी जिन्याखालच्या खोलीत गेलो. पंडित एकटाच होता. मी स्टूल ओढून बसलो. तू केलंस का, असं मी विचारलं नाही. त्यावर तो नाही म्हणाला असता, आणि मग आम्हा दोघांनाही त्या नाहीसकट बसावं लागलं असतं.

"प्रत कुठे ठेवलीस?" मी विचारलं.

"शेवटी," तो म्हणाला. "न वाटलेल्या जागेत."

डिस्कचे भाग वाटताना शेवटी थोडी जागा कोरी सोडावी, कोणाच्या नजरेत येत नाही आणि अडीअडचणीला उपयोगी पडते. हेही मीच शिकवलं होतं.

"सर, रविवारी पंपांमध्ये औषधांची नवी यादी भरायची होती," तो हळूहळू बोलायला लागला. "कोणत्या बाटलीत किती औषध विरघळलेलं असतं, त्या आकड्यांची. भरल्यावर एका रिकाम्या पंपावर चालवून बघायची असते. मी एकटा, अख्ख्या इस्पितळाचे पंप चाळीस. न बघताच बघितलं म्हणून खूण केली. सुतारकाकांच्या औषधापुढे एक शून्य कमी होतं. पंपाला वाटलं बाटली पातळ आहे, त्याने दहापट ओतलं. सिस्टरने बरोबर आकडा घातला होता, सर. मला मंगळवारी संध्याकाळीच कळलं. यादी दुरुस्त केली. पण प्रत्येक डोसच्या नोंदीत यादीचा क्रमांक असतो."

"म्हणून डबा केलास."

"बुधवारी साडेअकराला मी स्वतःच मशीन बंद-चालू करणार होतो. मशीन जुनं आहे, अधूनमधून बसतं. खापर मशीनवर फुटलं असतं. तिने माझ्याआधी दाबलं." त्याने वर पाहिलं. "मी तिला अडकवलं नाही, सर."

"सोडवलंही नाहीस."

"कालही ठरवलं, आजही ठरवलं. घरातून निघताना ठरवायचो, आणि इथे तिला घड्या घालताना बघितलं की वळून जिन्याखाली यायचो."

मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटत होतं. दोन्हींपैकी मी काहीच केलं नाही. म्हणालो, "बाईंकडे जा. माझ्या तोंडून त्यांना कळायला नको."

तो उठला. दारात वाकायचं विसरला आणि त्याचं डोकं जिन्याला लागलं. कपाळ चोळत तो गेला.

७

लपवलेली प्रत बाहेर काढायला अर्धा तास लागला. बांधणी इतकी नीटस होती की मला परीक्षेत पैकीच्या पैकी द्यावे लागले असते. मी सिस्टरला बोलावून घेतलं. पहिली नजर तिची पडावी असं मला वाटलं.

मंगळवार, दोन वाजून दहा मिनिटं. डोस घातला, बरोबर आकडा. यादी क्रमांक नवा. पंपाचा वेग दहापट.

"हा माझा आकडा," तिने पडद्यावर बोट ठेवलं. "बघा, बरोबर आहे. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे. तुम्ही सुटलात." मला फार बरं वाटलं, आणि मी सवयीने खाली सरकत गेलो. सरकायला नको होतं.

दोन एकतीस. पंपाचा गजर. दोन एकतीस, गजर हाताने बंद. दोन अडतीस, गजर. दोन अडतीस, गजर हाताने बंद. दोन पन्नास, पंप थांबवला.

दोन पन्नासला सुतारकाका गेलेले सापडले होते.

समितीने विचारलं होतं ते एवढंच, की आकडा कोणी काय घातला. दोन पानांपैकी पहिल्याच पानात त्याचं उत्तर होतं; गजर दुसऱ्यावर होते. मी छपाईची खिडकी उघडली. कोणती पानं, असं मशीनने विचारलं. मी एक लिहिलं. ज्या माणसाने तासाभरापूर्वी आपल्या विद्यार्थ्याला बाईंसमोर पाठवलं, त्याच माणसाच्या बोटाने लिहिलं. मला लाज वाटली ती नंतर. त्या क्षणी मला फक्त तिची दोन मुलं दिसत होती.

"दोन्ही छापा," सिस्टर म्हणाली.

"त्यांनी मागितलेलं नाही, सिस्टर."

"हे पंप एका पाळीत चाळीस-चाळीस वेळा वाजतात, सर. नळीत बुडबुडा आला की वाजतात, हात हलला की वाजतात. आम्ही न बघताच दाबतो. सगळ्याजणी दाबतात. मी कितीदा सांगितलं, कोणी लिहून घेतलं नाही. हे लिहिलेलं आहे."

"यात तुमचंही नाव येईल."

"येऊ दे." ती पडद्याकडेच बघत होती. "मधे किती वेळ गेला?"

"सात मिनिटं. आणि नंतर बारा."

"मला वाटत होतं एकदाच वाजला," ती म्हणाली. "तीन रात्री मी आठवतेय. एकदाच वाजला असं आठवत होतं."

मी एक खोडून दोन्ही केलं. प्रिंटरने पानं बाहेर टाकली. ती गरम असतानाच तिने उचलली, दुसरं पान वर घेतलं आणि जिना चढून बाईंच्या खोलीकडे गेली. आत पंडित होता, त्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. ती दाराशी क्षणभर थांबली, आणि मग टकटक न करताच आत गेली.